एक संप्रेरक, दोन नावे : अँजिओटेन्सिनची कथा

१/८
स्टॉकहोम, नोव्हेंबर १८९६. कॅरोलिन्स्का संस्थेतील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचे तरुण सहकारी पेर बर्गमान यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत सोडला. पाहता पाहता त्याचा रक्तदाब चढू लागला.

२/८
लॅटिनमध्ये मूत्रपिंडाला 'रेन' म्हणतात. म्हणून अर्कातील अज्ञात द्रव्याचे नाव 'रेनिन' ठेवले गेले. १८९८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. पुढे टिगरस्टेट हेलसिंकीला गेले, बर्गमान संशोधनापासून दुरावले आणि रेनिन साडेतीन दशके जवळजवळ विस्मृतीत पडून राहिले.

३/८
त्याला जाग आणली क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या शवविच्छेदनात त्यांना मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झालेल्या दिसत. हा रक्तदाबाचा परिणाम, असा प्रचलित समज होता. गोल्डब्लाट यांनी प्रश्न उलटा केला : हेच कारण असेल तर?

४/८
१९३४ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चांदीचा चिमटा लावून रक्तप्रवाह कमी केल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. टिगरस्टेटांच्या सशांची आठवण पुन्हा ताजी झाली.

५/८
१९३९-४० च्या सुमारास ब्यूनस आयर्समध्ये एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस आणि इंडियानापोलिसमध्ये अर्विन पेज यांचे गट स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला पोहोचले. रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. ते एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. रक्तातील एका प्रथिनावर त्याची क्रिया होऊन जो तुकडा सुटतो, तोच रक्तवाहिन्या आकुंचित करतो.

६/८
अर्जेंटिनाने त्याला 'हायपरटेन्सिन' म्हटले, अमेरिकेने 'अँजिओटोनिन'. द्रव्य एक, नावे दोन. हा घोळ जवळजवळ दोन दशके चालला. अखेर १९५८ मध्ये दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी मिळून तोडगा सुचवला : पेज यांच्या नावाचा पूर्वार्ध, ब्राउन-मेनेंदेस यांच्या नावाचा उत्तरार्ध. 'अँजिओटेन्सिन'! पुढच्याच जानेवारीत ब्राउन-मेनेंदेस विमान अपघातात मृत्यू पावले. दोघांचा तह मात्र त्या शब्दात टिकला.

७/८
हे संप्रेरक मुळात शत्रू नव्हे. रक्तस्राव झाला, शरीरातले पाणी घटले, की ते रक्तवाहिन्या आवळते, तहान जागवते आणि अल्डोस्टेरॉनकरवी मूत्रपिंडांना मीठ व पाणी राखून ठेवायला लावते. संकटात प्राण राखणारी ही यंत्रणा विनाकारण चालू राहिली, तर मात्र तीच हृदयाला आणि मूत्रपिंडांना जड जाते.

८/८
आज असंख्य घरांत औषधांच्या डब्यात टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनची गोळी असते. तिचे काम एवढेच : अँजिओटेन्सिन पेशीवरील ज्या ग्राहीला जाऊन चिकटते, ती जागा आधीच अडवून धरणे. त्या छोट्याशा गोळीमागे स्टॉकहोमच्या सशांपासून सुरू झालेला शंभर वर्षांचा प्रवास आहे.