तेलीबांधा : आधी पाणी, मग वस्ती

रायपूरच्या जुन्या वस्त्यांची नावे नुसती वाचली तरी शहराचा बराच इतिहास हाती लागतो. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा. 'पारा' म्हणजे आपली आळी. तेलीबांधा मात्र पारा नाही. छत्तीसगढीत 'बांधा' म्हणजे बांध घालून केलेला तलाव. म्हणजे इथे आधी पाणी आले, वस्ती नंतर. आणि नावात तेलघाणा चालवणारा समाज राहिला.

१७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूर घेतले. बिंबाजी भोसल्यांच्या काळात (१७५८–१७८७) मराठी आणि मोडी कारभारात आली. पण राजधानी रतनपूरच होती. १८१८ नंतर कर्नल अ‍ॅग्न्यूने मुख्य ठाणे रायपूरला हलवले आणि गावाचे शहर होऊ लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी इथली मराठी घरे राहिली. 'छत्तीसगढ़ मित्र'चे माधवराव सप्रे १९२६ मध्ये रायपुरातच वारले.

या साऱ्या घडामोडी जुन्या शहरात होत होत्या. तेलीबांधा पूर्वेला, शहराबाहेर होता. १९०० मध्ये धमतरीची अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि तेलीबांध्याला स्थानक मिळाले. तरीही शहर दूरच राहिले. इथली शांतता या अंतराने दिलेली होती.

अंतर संपले तशी शांतताही गेली. छोट्या गाडीचे रूळ निघाले, त्या वाटेवर एक्सप्रेसवे आला. तळ्याकाठच्या झोपड्यांतील कुटुंबांना बहुमजली इमारतींत घरे मिळाली. काठावर फरसबंदी झाली, दिवे लागले, आणि लोक त्या जागेला 'मरीन ड्राइव्ह' म्हणू लागले.

नाव बदलणे नेहमीच वाईट नसते. बूढातालाबाला विवेकानंद सरोवर म्हणतात, त्यामागे या शहराचीच आठवण आहे : १८७७ पासून सुमारे दोन वर्षे किशोरवयीन नरेंद्र रायपुरात राहिला होता. मरीन ड्राइव्ह या नावामागे इथले काहीच नाही. समुद्र मुंबईचा आणि नावही मुंबईचेच. काठावर फिरायला येणाऱ्यांना ते खुशाल वापरू द्यावे. पण पाटीवर, शाळेच्या वहीत आणि घरच्या पत्त्यावर तेलीबांधाच राहायला हवे. ज्यांच्या जातीचे आणि कष्टाचे नाव या पाण्याला लाभले, त्यांची इथे दुसरी कुठली खूण दिसत नाही.