क्लचची वायर आणि पास्कलचे पाणी

१९५५ साली ब्रिटनची रॉयल एनफील्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली आणि बुलेट मद्रासला तयार होऊ लागली. तिच्या डाव्या मुठीपासून क्लचपर्यंत जाणारी पोलादी वायर आजही बहुसंख्य भारतीय मोटारसायकलींवर दिसते. काही हौशी चालक मात्र ती काढून तिच्या जागी तेलाने भरलेली नळी बसवून घेतात. क्लच हलका होतो, हा त्यांचा अनुभव खरा आहे. पण हा हलकेपणा येतो कोठून?

मुळात वायर हीदेखील बुद्धिमान योजना आहे. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली तिचे पेटंट घेतले. बाहेर सहसा न दबणारे, पण वाकणारे आवरण आणि आत सरकणारी तार, एवढ्याच सामग्रीवर हाताची ओढ वळणावळणांतून नेता येऊ लागली. मात्र प्रत्येक वळणावर तार आवरणाला घासते. वक्र पृष्ठभागावरून ओढल्या जाणाऱ्या दोरीच्या घर्षणाचे गणित अठराव्या शतकातच लिओनार्ड ऑयलर यांनी मांडले होते. घर्षणांक ०.१ आणि सर्व वळणांची बेरीज १८० अंश धरली, तर क्लचपाशी १०० न्यूटन बल पोहोचवण्यासाठी मुठीकडून सुमारे १३७ न्यूटन द्यावे लागते. धूळ आणि गंज यांमुळे घर्षणांक ०.२ झाला, की तोच आकडा १८७ वर जातो. पावसाळ्यानंतर क्लच जड का लागतो, याचे उत्तर येथे आहे.

द्रवाला असे घासत जावे लागत नाही. ब्लेझ पास्कल यांचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. पाण्याने भरलेल्या बंद पात्राला दोन तोंडे असावीत आणि एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असावे. मग लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरील, असे त्यांनी दाखवले. १७९५ साली जोसेफ ब्रामा यांनी या तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. खरी अडचण गळतीची होती. दाब वाढताच आपोआप घट्ट बसणारे चामड्याचे कडे वापरून ती सुटली. त्याचे श्रेय हेन्री मॉड्सली यांना दिले जाते. पुढे १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवचालित ब्रेक आले आणि १९६९ मध्ये होंडा सीबी७५० च्या पुढच्या चाकाला द्रवचालित डिस्क ब्रेक बसला. उजव्या मुठीवर स्थिरावलेली ही योजना १९८० च्या दशकाच्या आरंभी होंडाच्या व्हीएफ मालिकेत डाव्या मुठीवर क्लचसाठीही आली.

वायरऐवजी नळी बसवताना मुठीपाशी मास्टर सिलिंडर आणि क्लचपाशी स्लेव्ह सिलिंडर येतो. घर्षणात वाया जाणारे बरेचसे बल वाचते. हा निव्वळ लाभ. प्लेटांची झीजही आपोआप सामावली जाते, कारण मूठ सुटल्यावर नळीतील तेल वरच्या टाकीशी जोडलेले राहते. याहून अधिक हलकेपणा हवा असेल, तर स्लेव्हचा दट्ट्या मोठा करावा लागतो, आणि तेथे निसर्ग आपली किंमत वसूल करतो. मास्टरचा व्यास १२ मिलिमीटर आणि स्लेव्हचा ३६ असेल, तर बल नऊपट होते. परंतु स्लेव्ह १.५ मिलिमीटर सरकवण्यासाठी मास्टरचा दट्ट्या १३.५ मिलिमीटर ढकलावा लागतो. मुठीची चाल तर मर्यादित असते. प्रमाण चुकले, की क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडखळतात आणि प्लेटा झिजतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर चालीचा काही भाग तो दाबण्यातच खर्ची पडतो. ब्रेक ऑइलसाठी बनवलेल्या सिलिंडरात खनिज तेल घातले, तर रबरी सील फुगून निकामी होतात. ब्रामा यांच्यापुढची गळती अशी पुन्हा दारात उभी राहते.

बल जितक्या पट वाढते, तितक्याच पट अंतरही अधिक कापावे लागते, हे पास्कल यांनी त्याच ग्रंथात नोंदवले होते. म्हणून डाव्या मुठीवरचे हे परिवर्तन करणाऱ्याने तेल ओतण्याआधी दोन व्यास मोजावेत आणि त्यांच्या वर्गांचे गुणोत्तर काढावे. शाळेत शिकलेला नियम येथे मनगटाला कळतो.