काक्षीचं बिंब

पौषातल्या रात्री वळसंगच्या शिवारातून पूर्वेला पाहा. मृगाच्या चार पायांतला एक तांबूस दिसतो, तो काक्षी. सूर्याहून शेकडो पटींनी मोठा, पण दिसते ती नुसती ठिणगी. लातुरात ठेवलेलं रुपयाचं नाणं वळसंगातून जेवढं दिसेल, तेवढंच त्याचं बिंब.

जवळच्या ताऱ्याचा, म्हणजे सूर्याचा, फोटो आपल्या सोलापूर जिल्ह्यात फार आधी निघाला. 22 जानेवारी 1898 ला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला खग्रास ग्रहण होतं. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी नायगमवाला तिथे तळ देऊन होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही सुमारे बारा मीटर लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची. तेवढ्यात सूर्याभोवतीची प्रभा काचांवर उतरवली गेली.

काक्षीसाठी मात्र निराळी युक्ती लागली. ती 1868 मध्ये फ्रान्सच्या फिझोने सुचवली होती. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घालून त्याला दोन भोकं पाडायची. दोन्हींतून आलेला प्रकाश एकत्र आला की उजळ-काळे पट्टे उमटतात. भोकं एकमेकांपासून दूर नेत गेलं की पट्टे पुसट होतात आणि एका अंतरावर नाहीसे होतात. त्या अंतरावरून ताऱ्याची रुंदी काढता येते. माझ्या मते या विद्येचा खरा जन्म इथेच झाला.

13 डिसेंबर 1920 च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर मायकेलसन आणि पीज यांच्या उपकरणात, भोकांच्या जागी बसवलेले आरसे सुमारे तीन मीटर अंतरावर असताना, काक्षीचे पट्टे नाहीसे झाले. व्यास कळला, चेहरा थेट फोटोत दिसायला 1995 उजाडलं. त्या वर्षी हबल दुर्बिणीने अतिनील किरणांत घेतलेल्या फोटोत काक्षीच्या बिंबावर एक मोठा तेजस्वी डाग होता.

पुढे 2007 मध्ये त्याच माउंट विल्सनवर चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून, फिझोच्याच पट्ट्यांतून श्रवण ताऱ्याचं चित्र जुळवलं गेलं. स्वतःभोवती वेगाने फिरून तो पोटाशी फुगलेला, ध्रुवांशी उजळ दिसला. सूर्यासारखंच हायड्रोजन जाळणाऱ्या दुसऱ्या ताऱ्याचा पृष्ठभाग माणसाने पाहिला तो तेव्हा पहिल्यांदाच.

श्रवण वळसंगातून पावसाळा सरल्यावर संध्याकाळी डोक्यावर असतो. पोरांना शेतात नेऊन तो दाखवा, आणि जेऊरचीही गोष्ट सांगा.