तांब्याच्या पैशाची साक्ष

‘सोळा आणे खरं’ असं आपण आजही म्हणतो. संसार पै-पै जोडून उभा केला, असं सांगतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आणे-पैंचा हिशेब संपला, पण भाषेतून ती नाणी गेली नाहीत. महसुलाच्या कागदांतही ती बराच काळ टिकली. पिकाची ‘आणेवारी’ काढली जायची. तिचीच पुढे ‘पैसेवारी’ झाली. ती पन्नासच्या आत लागते की बाहेर, याकडे इंदापूरच्या किंवा बारामतीच्या जिरायती पट्ट्यातल्या शेतकऱ्याचे कान कसे लागलेले असतात, हे मी वेगळं सांगायला नको.

या दोन तालुक्यांत मी जुनी तांब्याची आणि ब्राँझची नाणी गोळा करतो. सोनं-चांदी सोडून ही काळी पडलेली नाणी कशाला, असं लोक विचारतात. माझं म्हणणं असं, की सारा आणि कर्ज रुपयांत लिहिलं जायचं, पण मीठ-मिरची पैशांत यायची. एका रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे, म्हणजे एकशे ब्याण्णव पै. गरिबाचा सगळा व्यवहार या शेवटच्या दोन आकड्यांत चालायचा.

इंग्रजांच्या आधी इथे शिवराई चालत होती. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि अक्षरं आपली, बाळबोध. १८१८ साली पेशवाई गेली, तरी शिवराई लगेच गेली नाही. कंपनीच्या अमलातही ती पाडली जात राहिली. दोन आडव्या दांड्यांच्या ‘दुदांडी’ शिवरायांपैकी काहींवर फसली सनाचे आकडे आढळतात. समजा १२४० असा आकडा दिसला, तर त्यात ५९० मिळवा. साल येतं १८३०. म्हणजे नाव महाराजांचं आणि राज्य कंपनीचं! मुंबईत कंपनीचा पैसा वेगळाच होता. त्यावर तराजू आणि फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द असे. १७९१ साली असे पैसे बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीतून वाफेच्या यंत्रांवर पाडून जहाजानं आणले गेले होते.

मग आलं १८३५ साल. त्या वर्षी कंपनीनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच नाणं ठरवलं. पैशाचं वजन शंभर ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. एका बाजूला कंपनीची सिंहांची ढाल, अक्षरं इंग्रजी. याच सुमारास, १८३५-३६ मध्ये, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीच्या नव्या मोजणीला सुरुवात केली, ती आपल्या इंदापुरातून. त्याआधी प्रिंगलनं रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांतावर सारा बसवला होता. तो झेपेना म्हणून लोकांनी जमिनी टाकल्या होत्या. नव्या पद्धतीत सारा तीस वर्षांसाठी कायम झाला. पुढे या पद्धतीचे नियम ठरले, तेव्हा मातीची प्रतवारी आण्यांतच लावली गेली: उत्तम काळी जमीन सोळा आणे, अगदी हलकी दोन आणे. मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचा पाया तो हाच. १८३५ चा पैसा हातात घेतला की मला इंदापूरच्या माळावर ओढली जाणारी मोजणीची साखळी आठवते.

तीस वर्षांनी, १८६६-६७ मध्ये, फेरआकारणी झाली आणि सारा चढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव तोवर उतरू लागला होता. सावकाराचं दार गाठण्यावाचून कुणब्याला गत्यंतर उरलं नाही. ‘रुपयाला दरमहा दोन पैसे’ हे व्याज ऐकायला किती हलकं वाटतं! गुणाकार करून पाहा. वर्षाचे चोवीस पैसे झाले. चौसष्टातले चोवीस, म्हणजे साडेसदतीस टक्के. १२ मे १८७५ रोजी सुप्यात, आजच्या बारामती तालुक्यात, शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख कर्जरोख्यांवर आणि खतांवर होता. ते कागद हिसकावून जाळले गेले. दंग्याचं लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं, सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी दख्खन कृषक कायदा आला.

कागद जळले, पण त्या काळातला पैसा अजून सापडतो. त्याच्यावर राणीचा मुखवटा आणि ‘व्हिक्टोरिया क्वीन’ अशी अक्षरं असतात. ‘एम्प्रेस’ ही अक्षरं १८७७ पासून आली. म्हणून ‘एम्प्रेस’चा पैसा दाखवून कुणी तो सुप्याच्या दंग्यात होता असं सांगू लागलं, तर विश्वास ठेवू नका.

असे बारीक फरक ओळखणं हाच या छंदाचा गाभा. इंग्लंडमध्ये १८६० साली तांब्याऐवजी ब्राँझची पेनी आली. आपल्याकडे हा बदल व्हायला १९०६ उजाडलं. त्यामुळे १९०६ सालचे पैसे दोन जातींचे आहेत: साडेसहा ग्रॅमचा तांब्याचा, आणि पाच ग्रॅमलाही किंचित कमी भरणारा ब्राँझचा. साल एकच, राजा एकच. सोनाराच्या काट्यावर ठेवले की फरक कळतो. १९११ च्या पंचम जॉर्जच्या नाण्यांवर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी तो नव्यानं कोरला गेला. १९११ चा पैसा म्हणूनच वेगळा. याच राजाच्या नंतरच्या पैशांवर सालाखाली बारीक टिंब असेल तर नाणं मुंबईचं, नसेल तर कलकत्त्याचं. आणि १९४३ चा भोकाचा पैसा तर आजीच्या पिढीला चांगला आठवायचा. युद्धात तांब्याची चणचण, म्हणून मधोमध भोक पाडून धातू वाचवला. तो मुंबई-कलकत्त्याबरोबर लाहोरला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियातही पाडला गेला. पोरांच्या करगोट्यात तो ओवलेला असे.

यातलं दुर्मीळ काय, आणि त्याला किती मिळतील? हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक नाणी लाखोंच्या संख्येनं पाडलेली आहेत, त्यामुळे झिजलेल्या पैशाला फारशी किंमत येत नाही. ‘जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात आणि आधी ‘फी’ मागतात. आपल्या नावाचा असा गैरवापर होतोय, असं रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. खेड्यापाड्यांतल्या माणसांनी अशा फीपायी घामाचा पैसा घालवू नये.

माझ्या मते खरी दुर्मीळ गोष्ट वेगळी आहे: ज्याचा ठावठिकाणा माहीत आहे असं नाणं. नाण्यांनी भरलेला गडू घरात निघतो. मग शिवराया एकीकडे विकल्या जातात, राणीचे पैसे दुसरीकडे, उरलेलं मोडीत. त्या गडूत शिवराई आणि कंपनीचा पैसा शेजारी नांदत होते, म्हणजे एका घरात दोन राजवटींची नाणी किती वर्षं एकत्र चालली, हे त्यातून कळलं असतं. गडू फुटला की तो पुरावा गेला. पुन्हा जुळवता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. नाणी चिंच-लिंबानं किंवा भांड्यांच्या पुडीनं घासू नका. वरचा काळपट थर गेला की बारीक खुणाही जातात. एकत्र सापडलेली नाणी एकत्रच ठेवा, आणि कुठं, कुणाच्या घरात, कशात सापडली ते कागदावर लिहून सोबत ठेवा. आणि जमिनीत सापडली, मग ती पायाच्या खोदाईत असोत की उजनीचं पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या पळसदेवसारख्या जुन्या गावठाणात, तर तहसीलदारांना कळवा. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे.

अभ्यास करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय. पण सुरुवात घरातूनच होऊ शकते. देवघरातला किंवा फडताळातला तो काळा पैसा बाहेर काढा, भिंगाखाली साल वाचा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, हा कुठून आला? ते सांगणारी माणसं आहेत, तोवर लिहून घ्या.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)