खोताची वंशावळ आणि विणकराचें घर

श्रीपाद नारायण पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. जगबुडी नदीच्या कांठचें एक खोत घराणें आणि त्याच्या पिढ्या, हा तिचा विषय. भिवंडीसारख्या मागांच्या गांवीं बसून ती वाचतांनाही वाचक तुंबाडच्या नात्यांत गुंतून पडतो. कोण कोणाचा पुतण्या हें आठवण्यासाठीं मागलीं पानें चाळतो. (ग्रंथ जाडजूड असला तरी कंटाळा येत नाहीं, हेंही सांगून टाकतों.) इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र थोडें थांबून विचारावें कीं, एखाद्या घराण्याची अशी पिढीवार आठवण राहते तरी कशी?

याचें उत्तर खोतीच्या घडणींत आहे. खोत हा मुळांत सरकारासाठीं गांवचा सारा वसूल करून भरणारा. पुढें हें काम वतनासारखें वंशपरंपरा चालूं लागलें. भाऊ वाढले, तक्षिमा पडल्या, आणि यंदा वहिवाट कोणाची, पुढल्या सालीं कोणाची, अशा पाळ्या लागल्या. हक्क रक्तावरून ठरूं लागला, तेव्हां देवघरांतली वंशावळ कोर्टांत दाखल करावयाचा पुरावा झाली. भावांचें वैर, दत्तकाची घाई, विधवेच्या वाट्याचा वाद, हीं कादंबरीचीं बीजें दाव्यांच्या कागदांतही सांपडतात. १८८० च्या कायद्यानें खोत व कुळ यांचे संबंध शब्दांत बांधले. पण मालकी अंगवळणी पडून तिचा स्वभाव कसा बनतो, ओसरीवर कोण बसतो आणि अंगणांत कोण उभा राहतो, हें कायद्यांत लिहिलेलें नसतें. तें १९१३ सालीं मुर्डीसारख्या कोंकणी खेड्यांत जन्मलेल्या लेखकालाच ठाऊक.

आणि अंगणांत उभा असलेला तो? अर्धेलीचें कुळ निम्में पीक देई, वेठ निराळीच. त्याच्याही पिढ्या त्याच बांधावर गेल्या. परंतु कागदावर त्याचें नांव आलें तें बहुधा देणेकरी म्हणून. अलिबागेकडे चरी व आसपासच्या गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसण्याचा संप चालविला. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबई विधिमंडळांत खोती रद्द करण्याचें विधेयक मांडलें. पुढें १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. संपाच्या त्या सहा वर्षांत कुळांच्या चुलींवर काय शिजलें, याची कादंबरी मला वाचावयाची आहे.

दक्षिण कोंकणाइतकी खोती भिवंडीकडे रुजली नाहीं. येथील पिढ्या मागावर मोजाव्या लागतात. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेलीं मोमीन विणकर घराणीं येथें वसलीं. पणजाचा हातमाग गेला, यंत्रमाग आला. कोणी मालक झाला, कोणी दुसऱ्याच्या मागावर पाळी करूं लागला. धंदा बापाकडून मुलाकडे आला खरा, पण त्याला सनद नव्हती. म्हणून वंशावळ कोणी मागितलीही नाहीं. त्यांतून घरांतली आठवण उर्दूंत, आणि आमचीं पुस्तकें मराठींत! अशा घराची कथा लिहूं इच्छिणाऱ्यास दप्तर सोडून म्हाताऱ्यांच्या खाटेशीं बसावें लागेल, आणि मागांच्या खडखडाटांत बोलणें ऐकूं यावें म्हणून पाळी बदलण्याची वेळ गांठावी लागेल.