कुवेतने रुपया सोडला तेव्हा

मार्च १९६१ अखेरपर्यंत कुवेतच्या बाजारात खजूर, मासळी, कापड, सगळा व्यवहार रुपयांत चालत होता. त्यामागे समुद्रावरचा जुना व्यापार होता. ‘बूम’ नावाची मोठी गलबतं बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला येत, परतताना मलबारचं सागवान नेत. कुवेतच्या मोत्यांनाही मोठं गिऱ्हाईक मुंबईतच मिळे. १८९९मध्ये ब्रिटिशांशी झालेल्या करारानंतर त्यांचा शिरकाव वाढला आणि १९२३पासून ‘कुवेत’ असा शिक्का मारलेली भारतीय टपाल तिकिटं तिथे विकली जाऊ लागली.

ही सवय इतकी मुरली की १९५७मध्ये भारताने आणे सोडून नवे पैसे आणले, तेव्हा कुवेतमध्ये विकल्या जाणाऱ्या ब्रिटिश तिकिटांवरही नव्या पैशांतल्या किमती छापाव्या लागल्या. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती!

फारकतीची सुरुवात मात्र दिल्लीने केली, आणि तीही सोन्यापायी. आखातात सोनं स्वस्त, मुंबईत महाग. तस्कर तिथे रुपये देऊन सोनं घेत आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरवत. तेच रुपये आखातातल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. परकी चलनाची आधीच चणचण असलेल्या देशाला ही गळती परवडणारी नव्हती. १९५९मध्ये कायदा दुरुस्त करून आखातासाठी वेगळ्या, भारतात न चालणाऱ्या नोटा काढल्या गेल्या. नक्षी भारतीय नोटेचीच, रंग निराळा: दहाची लाल, शंभराची हिरवी. क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर.

दिल्लीचा निर्णय रास्तच होता. पण दुसऱ्याच्या कायद्याने आपल्या खिशातल्या नोटेचा रंग बदलतो, हे तेलाने श्रीमंत झालेल्या कुवेतने पाहिलं. १ एप्रिल १९६१ रोजी दिनार आला. एक दिनार म्हणजे एक पौंड, म्हणजेच १३ रुपये ३३ पैसे. रुपयाला ७५ फिल्स. १९ जून रोजी १८९९चा करारही संपला आणि कुवेत स्वतंत्र झाला. आधी नाणं सुटलं, मग सत्ता.

हा वियोग वेळेवर झाला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. कतार आणि दुबईला तेव्हा घाईने रुपया सोडावा लागला. कुवेतला त्याची झळ बसली नाही.

आखातात राहून आलेल्या एखाद्या घरच्या जुन्या पेटीत लाल दहाची नोट सापडली, तर क्रमांकाआधी ‘झेड’ आहे का ते जरूर पाहावं. असल्यास ती जपून ठेवावी. भारतात ती नोट कधीच चलनात नव्हती.