पाण्यात बुडवलेलं लोखंड

लोखंड, कोबाल्ट, निकेल यांचे कार्बनच्या वेष्टनातले चुंबकी नॅनोकण करण्याची एक सुटसुटीत पद्धत आहे. धातूचा तुकडा टोल्युइनसारख्या कार्बनी द्रवात ठेवायचा आणि त्यावर लेसरचे झोत सोडायचे. या पद्धतीचं कूळ शोधत गेलं, की आपण पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पोचतो.

1987 साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये तिथल्या गटाचा एक निबंध आला. पाटील, घैसास, सुलभा कुलकर्णी, कानेटकर, सतीशचंद्र ओगले, व्ही. जी. भिडे ही त्यावरची काही नावं. पृष्ठभागावर लेसर चालवायचा तो निर्वात पोकळीत किंवा वायूत, अशी तेव्हाची रीत होती. या मंडळींनी लोखंड पाण्यात बुडवलं आणि त्यावर झोत टाकला. सेकंदाच्या काही अब्जांश भागात लोखंडाचा पापुद्रा तापून उकळतो, त्याची वाफ पाण्याशी भिडते, आणि तेच पाणी तिला दाबून धरतं व क्षणात थंडही करतं. सावकाश थंड होताना मोडून गेली असती अशी लोखंडाची ऑक्साइडं त्या घाईत जशीच्या तशी गोठली. मला या प्रयोगाचं मोठेपण इथेच दिसतं: द्रव नुसतं भांड्यातलं पाणी उरला नाही, तो क्रियेतला भागीदार झाला.

भागीदार बदलला की माल बदलतो. 1992 मध्ये ओगले, मालशे, कानेटकर आणि क्षीरसागर यांनी बेंझिनमध्ये ठेवलेल्या ग्रॅफाइटवर माणिक-लेसर चालवून हिऱ्याचे कण मिळवले. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये फोयटिक आणि हेंगलाइन यांनी लेसरने द्रवात तरंगते नॅनोकण केले आणि हे तंत्र जगभर पसरलं.

चुंबकी धातूंना त्याची खरी गरज होती. लोखंडाचा उघडा नॅनोकण हवेत झपाट्याने गंजतो, कधी पेटही घेतो. कार्बनी द्रवात मात्र लेसरच्या उष्णतेने द्रवाचे रेणू तुटतात, सुटा कार्बन वितळलेल्या धातूत विरघळतो. धातू थंड होताना त्याला तेवढा कार्बन पोटात ठेवता येत नाही. दूध निवताना साय धरावी तसा तो पृष्ठभागावर येतो आणि ग्रॅफाइटचे थर होऊन बसतो. काही कार्बन आतच राहून त्याचं कार्बाइड होतं, हा या पद्धतीतला अजून न सुटलेला त्रास. पण वेगळे क्षार लागत नाहीत, क्षपणकारक रसायनं लागत नाहीत, आणि आतलं लोखंड चुंबकी राहतं.

महाविद्यालयात नॅनोतंत्रज्ञान शिकवणाऱ्यांनी हा धडा 1987 च्या त्या पुणेरी निबंधापासून सुरू करावा, आणि तो निबंध मुलांच्या हातात द्यावा.